गुरुवारची वाकी

क्षितिजा : परत मोजते, मध्ये बोलू नकोस. नथ एक. ठुशी एक. बुगड्या दोन. पाटल्या दोन. तोडे दोन. टेबलावर एकूण आठ नग. आणि नववा तुझ्या डाव्या दंडात.

सुचेता : नववा कुठंय ते मला कळतंय गं! तोच टोचतोय!

क्षितिजा : टोचतोय की आवळतोय? दोन्ही वेगळं असतं.

सुचेता : आवळतोय. टोचतोय. मावशीचा हात काळानिळा पडायची वेळ आली आणि ही व्याख्या विचारतेय.

क्षितिजा : काळानिळा नाही, लाल झालाय. तोही साबण घासून घासून. बोटं हलव. पाचही. ओके, रक्त पोचतंय. म्हणजे तुझ्या हाताला काही धोका नाही.

सुचेता : हाताची काळजी कुणाला आहे? घड्याळ बघ.

क्षितिजा : चार पन्नास. चाळीस मिनिटं आहेत. काका साडेपाचचे पावणेसहा करतील ना?

सुचेता : काशिनाथराव? कारखान्याच्या लायब्ररीत मी बत्तीस वर्षं बसले. एवढ्या वर्षांत त्या माणसानं पुस्तक एकदाच उशिरा परत केलं. त्यांच्या पत्नी रत्नप्रभावहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा. आणि तेव्हाही शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली होती.

क्षितिजा : बरं. आता मला प्रॉब्लेम नीट मांडू दे. मी लॅबमधून येऊन चपला काढते न काढते तोच तू सगळं एका दमात सांगितलंस. मला अर्धंच कळलंय. ही वाकी आजीची.

सुचेता : माझ्या आईची. फिरकी तुटलेली, म्हणून वीस वर्षं डब्यात पडून होती.

क्षितिजा : मग ती काकांकडे कशी गेली?

सुचेता : मी बोलता बोलता म्हटलं, सोनार म्हणतो असली फिरकी आता बनत नाही. तर म्हणाले, द्या इकडे. टूलरूमचे फोरमन होते ना. निवृत्त झाल्यावर बाग सेवनियाच्या घरी मागच्या खोलीत छोटा लेथ बसवलाय. नवी फिरकी करून गेल्या गुरुवारी आणून दिली. अशी सुरेख केलीय की जुनी कुठली, नवी कुठली कळत नाही.

क्षितिजा : आणि त्याच गुरुवारी लग्नाचं विचारलं.

सुचेता : हळू बोल! खिडकी उघडी आहे. अख्ख्या अवधपुरी कॉलनीला ऐकू जाईल.

क्षितिजा : काय शब्दांत विचारलं? एक्झॅक्ट.

सुचेता : म्हणाले, "सुचेताजी, आपण दोघं एकेकटे आहोत. एकत्र राहिलो तर कसं, याचा मी विचार केलाय, तुम्हीही करा. तोंडी उत्तर नको, तुम्हाला अवघड होईल. पुढच्या गुरुवारी साडेपाचला चहाला येईन. वाकी दंडात दिसली तर हो समजेन. नाही दिसली तर चहा पिऊन जाईन, हा विषय पुन्हा निघणार नाही."

क्षितिजा : क्या बात है! दोनच स्थिती. घातली म्हणजे हो, नाही घातली म्हणजे नाही. मध्ये काही नाहीच. आणि आज तो गुरुवार आहे, आणि वाकी दंडात आहे. मग अडचण काय? हो.

सुचेता : हो नाही! मी उत्तर दिलेलंच नाही. मी ती शेवटच्या भागासाठी घातली होती.

क्षितिजा : मावशी.

सुचेता : खरंच! सहा वाजेपर्यंत माझ्या गोष्टीचा शेवटचा भाग ॲपवर चढवायचाय. माझी नायिका सायली तळ्याच्या काठावर उभी आहे, तो यक्ष नीलाक्ष समोर आहे, आणि तिला वाकी काढून पाण्यात टाकायचीय. आता ती काढताना हात कुठं जातो, फिरकी चिमटीत येते का, एका हातानं निघते का, हे बघितल्याशिवाय मी कसं लिहू? तूच नाही का मागे ओरडलीस, तोडे घालून ती दोरावरून चढूच शकत नाही म्हणून?

क्षितिजा : कारण तू प्रत्येक तोडा आठशे ग्रॅमचा लिहिला होतास.

सुचेता : जादूचे होते ते.

क्षितिजा : जादू झाली म्हणून वजन जात नाही. तिला नथीतून खोटं बोलणारा कळू दे, बुगड्यांतून मेलेल्यांचं बोलणं ऐकू येऊ दे, ठुशी घालून मारलेली हाक बडा तालाबच्या पलीकडे पोचू दे, मी एका शब्दानं अडवलं का? पण वजन म्हणजे वजन.

सुचेता : म्हणूनच घालून बघितली. आणि आता ती निघत नाही.

क्षितिजा : दाखव. इकडे बिजागरी, इकडे फिरकी. बरोबर? फिरकी सोडली की वाकी दोन भागांत उघडते. ही तू आपणहून घट्ट केलीस?

सुचेता : घालताना इकडे-तिकडे फिरवून बघितली, जिकडे धरली तिकडे दोन वेढे दिले असतील. काढायला गेले तर हलेना. म्हणून साबण लावला. मग खोबरेल. मग बर्फ.

क्षितिजा : आधी खोबरेल की आधी बर्फ?

सुचेता : त्यानं काय फरक पडतो?

क्षितिजा : गोठतं ते. हे बघ, सगळीकडे पांढरं झालंय. टेप दे. वाकीचा आतला घेर चोवीस पूर्णांक सहा सेंटिमीटर. तुझं कोपर, घडी पडते तिथं, पंचवीस पूर्णांक नऊ. म्हणजे तू डबाभर तेल ओतलंस तरी ही कोपराखाली सरकणारच नाही. हा घर्षणाचा प्रश्नच नाही, मापाचा आहे. फिरकी उघडणं हा एकच रस्ता.

सुचेता : मग उघड ना!

क्षितिजा : थांब, आधी पुसून घेते. तुझ्या तेलामुळं चिमटीच घसरतेय. हात ताठ धर. डावीकडे... हुं... मावशी, ही हलली.

सुचेता : हलली? सुटली?

क्षितिजा : पाव वेढा फिरली. पण वाकी मोकळी नाही झाली. उलट फट बारीक झालीय असं वाटतंय.

सुचेता : असं वाटतंय म्हणजे? तू तर फिजिक्सवाली.

क्षितिजा : फिजिक्सवाल्यांनाही आधी वाटतंच, मोजतात नंतर. परत करते. हुं. नाही, गेली. आता अजिबात हलत नाही. कटर आहे घरात?

सुचेता : आईच्या वाकीला कटर लावतेस?

क्षितिजा : जवाहर चौकात जाऊ या. तुझा तो सोनार आहे ना.

सुचेता : संध्याकाळी पाचला जवाहर चौक! जायलाच पाऊण तास. आणि काशिनाथराव येऊन बंद दारापुढं उभे राहतील. ते तर नकारापेक्षा वाईट. नकार तरी चहा देऊन द्यायचा असतो.

क्षितिजा : म्हणजे नकार आहे?

सुचेता : मी तसं म्हटलं नाही.

क्षितिजा : म्हणजे होकार आहे?

सुचेता : तसंही म्हटलं नाही. क्षितिजा, ऐक. हो म्हणायचं की नाही म्हणायचं, ते मी आठ दिवस ठरवतेय. सकाळी हो वाटतं, दुपारी नाही वाटतं. अमोलला पुण्याला फोन केला, तर म्हणतो, "आई, मला आनंदच आहे, पण तुझं तू ठरव." बरोबरच आहे त्याचं. पहिल्या लग्नाला माझ्या वडिलांनी हो म्हटलं होतं. मला नंतर सांगितलं. वाईट झालं असं नाही, तुझे काका चांगले होते. पण आता एकसष्टाव्या वर्षी माझं उत्तर एका फिरकीनं द्यावं? ते मी द्यायचं. मला हो म्हणायचं असेल तर मीच म्हणेन, आणि नाही म्हणायचं असेल तरी मीच.

क्षितिजा : ओके. हे मला समजलं. मग आत्ता आपलं काम एवढंच, त्यांना वाकी दिसता कामा नये.

सुचेता : बघ! शिकलेली मुलगी घरात असली की असं असतं.

क्षितिजा : लांब बाह्यांचा ब्लाउज?

सुचेता : वाकीवरून चढत नाही. बघितला घालून.

क्षितिजा : स्वेटर?

सुचेता : मे महिन्यात?

क्षितिजा : मग शाल. ती काश्मिरी, सायलीच्या अंगावर दिलीस ती.

सुचेता : बाहेर बेचाळीस डिग्री आहे गं.

क्षितिजा : एक्केचाळीस पूर्णांक तीन. सर्दी झाली म्हण. चहा पटकन दे, विषय लायब्ररीवर ने, वीस मिनिटांत ते गेले की मी मोठी पक्कड आणते. पण एक सांग. त्यांना वाकी दिसली नाही, तर ते नाही समजून जातील. मग तेही उत्तर तू दिलेलं नसेल. फिरकीऐवजी शालीनं दिलेलं असेल.

सुचेता : मला आत्ता तर्कशास्त्र नकोय. मला सेफ्टी पिन हवीय.

(दारावरची घंटा वाजते.)

क्षितिजा : पाच तीस. शून्य सेकंद. बापरे.

काशिनाथ : नमस्कार. येऊ का? कशी आहेस क्षितिजा? लॅब काय म्हणते?

क्षितिजा : मस्त, काका. या ना, बसा. कूलरसमोर बसा.

काशिनाथ : सुचेताजी... तब्येत बरी नाही का?

सुचेता : सर्दी. जराशी सर्दी.

काशिनाथ : आणि कूलर तुमच्या अंगावर लावलाय. क्षितिजा, तो बंद कर बेटा, मावशीला थंडी वाजतेय.

सुचेता : नको! म्हणजे, तुम्हाला उकडेल.

काशिनाथ : मला काय, भट्टीशेजारी आयुष्य काढलं. बंद कर, बंद कर.

क्षितिजा : करते. सॉरी मावशी.

सुचेता : चहा घ्या. क्षितिजा, चहा आण. काशिनाथराव, परवा मी काय वाचलं, आपल्या लायब्ररीतली जुनी कपाटं म्हणे...

काशिनाथ : तुमच्या कपाळावर घाम आलाय.

सुचेता : सर्दीचा.

काशिनाथ : सर्दीचा घाम मी पहिल्यांदा बघतोय. बरं. मी चहा घेतो आणि निघतो. तुम्ही आराम करा. मला जे बघायचं होतं ते... म्हणजे मला समजलं. काही अवघड वाटून घेऊ नका. मी म्हटलं होतं तसंच, हा विषय आता...

क्षितिजा : थांबा काका! वाक्य पूर्ण करू नका!

सुचेता : क्षितिजा!

क्षितिजा : मावशी, हे चुकीचं रीडिंग जातंय. मला नाही बघवत. शाल काढ, नाहीतर मी काढते. तुला चक्कर येईल अशानं.

सुचेता : काढते. थांब, पिन लागेल. हं, बघा. बघा काशिनाथराव, ही तुमची वाकी, आणि हा माझा हात, आणि हे सगळं खोबरेल. आता हसू नका.

काशिनाथ : मी हसत नाहीये.

सुचेता : आणि खूशही होऊ नका! हे उत्तर नाही. अडकलीय ती. मी नुसती घालून बघितली, माझ्या कामासाठी, आणि आता निघत नाही. दुपारपासून आम्ही दोघी झटतोय.

काशिनाथ : निघत नाही म्हणजे? फिरकी जाम झाली? माझ्या हातची फिरकी? होऊच शकत नाही. कुणीकडे फिरवलीत?

क्षितिजा : सोडायला फिरवतात तिकडेच. डावीकडे.

काशिनाथ : डावीकडे. अरे देवा. दोघींनी?

क्षितिजा : मी पाव वेढा फिरवली असेल. मावशीनं किती, ते माहीत नाही.

काशिनाथ : बेटा, तिला उलटे आटे आहेत.

क्षितिजा : उलटे... काका! म्हणजे आम्ही इतका वेळ ती घट्ट करत होतो?

काशिनाथ : बिलकुल. उजवीकडे फिरवली की सुटते, डावीकडे की आवळते.

सुचेता : पण असं उलटं कोण करतं? उभ्या हिंदुस्थानात फिरकी डावीकडे फिरवून सुटते!

काशिनाथ : मी काय म्हणतो, सुचेताजी, ऐका. वाकी डाव्या दंडात. तुम्ही काम करता, चालता, कपाटातून पुस्तक काढता, तेव्हा फिरकी दर वेळी कपड्याला घासून एकाच बाजूला सरकते. साधे आटे असते तर थोडे थोडे सैल झाले असते. तुमच्या आईची फिरकी त्यामुळंच खराब झाली, आटे झिजलेले मी भिंगातून बघितले. सायकलच्या डाव्या पायडलला पण म्हणूनच उलटे आटे असतात.

क्षितिजा : हे मला सुचायला हवं होतं. पायडलचं मला माहीत होतं!

काशिनाथ : तुझी चूक नाही. माझी चूक आहे. चाळीस वर्षं पोरांना ओरडत आलो, ड्रॉइंगशिवाय जॉब बाहेर जाता कामा नये. आणि स्वतःचा जॉब दिला तेव्हा बरोबर साधी चिठ्ठी नाही. त्या दिवशी डोक्यात दुसरंच होतं ना.

सुचेता : दुसरं काय?

काशिनाथ : विचारू की नको, हे.

सुचेता : ...क्षितिजा, बघत काय बसलीस? उजवीकडे फिरव.

क्षितिजा : फिरवते. एक वेढा. दोन. अडीच. तीन. निघाली. हे घे. नववा नग टेबलावर.

सुचेता : हुश्श. हात हलका झाला.

काशिनाथ : लाल झालाय. तूप लावा, तेल आता पुरे. आणि हे बघा, आपण असं धरू की मी दारातून आत आलोच आत्ता. मघाचं काही बघितलं नाही. तुमचं उत्तर तुमच्याकडेच आहे. चहा मात्र घेतो, घसा कोरडा पडला.

क्षितिजा : आणलाच. साखर दोन चमचे, बरोबर?

काशिनाथ : तुला कसं माहीत?

क्षितिजा : नीलाक्षला लागते दोन चमचे.

सुचेता : क्षितिजा, आत जा.

काशिनाथ : असू दे. मला माहीत आहे.

सुचेता : काय माहीत आहे?

काशिनाथ : की ॲपवर लिहिणाऱ्या मृण्मयी म्हणजे तुम्ही. एकशे अठरा भाग वाचलेत मी.

सुचेता : हे कुणी सांगितलं तुम्हाला?

काशिनाथ : तुमच्या यक्षानंच. आमच्या सूनबाईंनी फोनवर लावून दिली ती गोष्ट, म्हणे बाबा, भोपाळची आहे, वाचा. सातव्या भागात तो यक्ष तळ्यातून वर येतो, घसा खाकरतो, आणि म्हणतो, "मी काय म्हणतो, सायलीजी." तेव्हा मी जरा थांबलो. मग अकराव्या भागात त्यानं सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला. दोनशे वर्षांच्या यक्षाला, पाण्याखाली राहणाऱ्या, चष्मा कशाला हो?

क्षितिजा : मी हेच विचारलं होतं! अकराव्या भागालाच! तर म्हणाली, शोभतो त्याला.

सुचेता : आता मला खरंच थंडी वाजतेय. शाल द्या कुणीतरी.

काशिनाथ : मला बरं वाटलं होतं वाचून. या वयात कुणी आपल्याला तळ्यातून वर आणतं का! पण एकशे अठराव्यात तुम्ही त्या मुलीला वाकी घेऊन काठावर उभी केलीत. तेव्हा समजलं, उत्तर काय येणार. तरी आलो. म्हटलं, ठरलंय तर जायचं.

सुचेता : ते तिचं आहे. सायलीचं.

काशिनाथ : ती का टाकतेय वाकी? तेवढं सांगा. वाचक म्हणून विचारतोय, बाकी काही नाही.

सुचेता : कारण... नीलाक्ष चांगला आहे. वाईट काहीच नाही त्याच्यात. पण सायलीला आत्ता कुठं स्वतःची खोली मिळालीय. चाळीस वर्षं तिनं डबे भरले. सासऱ्यांचा, नवऱ्याचा, मुलाचा. आता सकाळी अकरा ते दोन ती लिहायला बसते, आणि त्या तीन तासांत तिला कुणी विचारत नाही की मीठ कुठं ठेवलंय.

क्षितिजा : मावशी, सायली सव्वीस वर्षांची आहे. पुरातत्त्व खात्यात.

सुचेता : गप्प बस गं.

काशिनाथ : समजलं. मग वाचक म्हणून एक सांगू? त्या यक्षाला, बायको गेल्यापासून, नऊ वर्षं स्वयंपाक येतोय. वरण, भात, तीन भाज्या. पोळ्या गोल होत नाहीत, पण भाजलेल्या असतात. मीठ त्याच्या स्वतःच्या घरात आहे, बाग सेवनियाला, गॅसच्या उजव्या हाताला. आणि अकरा ते दोन तो लेथवर असतो. एवढा आवाज असतो की तुम्हीच त्याला घरात घेणार नाही.

सुचेता : म्हणजे घर सोडायचं नाही?

काशिनाथ : कुणीच नाही. तुम्ही इथं लिहा, मी तिथं खरखर करतो. साडेपाचला येईन. जेवण कधी इथं, कधी तिथं. गुरुवारी आपण बाहेर खाऊ.

सुचेता : मग लग्न कशाला हवंय एवढ्यासाठी? साडेपाचला तुम्ही आजही येताच.

काशिनाथ : मार्चमध्ये माझं मोतीबिंदूचं झालं ना. फॉर्मवर एक रकाना होता, सोबत कोण. मुलगा दुबईत, त्याचं नाव चालेना, इथलं हवं म्हणे. मी पाच मिनिटं पेन धरून बसलो होतो. मग शेजारच्याचं लिहिलं. चांगला माणूस आहे तो. पण लिहिताना माझ्या मनात दुसरं नाव होतं.

सुचेता : तुम्ही मला सांगितलं नाहीत. मार्चमध्ये तुम्ही म्हणालात, उज्जैनला जाऊन येतो.

काशिनाथ : हो. खोटं बोललो. तुमच्या सायलीची नथ असती तर पकडला गेलो असतो.

क्षितिजा : काका, ती नथ तिथंच पडलीय. घालून बघू का? मोती काळा पडतो का ते चेक करता येईल.

सुचेता : जवाहर चौकातली नथ आहे ती, प्लास्टिकचे मोती. काशिनाथराव, डोळा आता कसा आहे?

काशिनाथ : एकदम सही. पाव मिलिमीटरचे आटे दिसतात. नाहीतर ही फिरकी झाली असती का? चला, पाच पन्नास झाले. तुमचा भाग सहाला जायचाय ना? मी निघतो. वाचीन घरी जाऊन.

सुचेता : बसा.

काशिनाथ : तुम्हाला लिहायचंय.

सुचेता : बसा म्हटलं ना. लिहायला एकच परिच्छेद राहिलाय, आणि तो लिहिण्याआधी मला एक बघायचंय. क्षितिजा, मोबाइलवर ते सेकंदांचं घड्याळ लाव.

क्षितिजा : स्टॉपवॉच? कशासाठी?

सुचेता : वाकी एका हातानं घालायला किती वेळ लागतो, ते बघायला.

क्षितिजा : घालायला? पण सायली तर काढून पाण्यात...

सुचेता : घड्याळ लावलंस का?

क्षितिजा : लावलं. तू म्हणशील तेव्हा सुरू करते.

काशिनाथ : सुचेताजी, बिजागरी आधी आतल्या बाजूला धरा. मी धरू का जरा?

सुचेता : हात लावायचा नाही. दोघांनीही. काशिनाथराव, तुम्ही तर हात मागेच घ्या.

काशिनाथ : घेतले.

सुचेता : डावीकडे फिरवली की आवळते. बरोबर?

काशिनाथ : बरोबर. डावीकडे.

सुचेता : कर सुरू.

क्षितिजा : केलं.

सुचेता : घसरतेय मेली... तेल आहे अजून... हं, धरली. अशी. आता चिमटीत येतेय.

काशिनाथ : सावकाश. घाई नाही.

सुचेता : बोलू नका, आटे चुकतील माझे. एक... दोन... आणि अडीच. झालं. थांबव. किती?

क्षितिजा : एक मिनिट सात सेकंद.